कुत्र्याचा विमा आणि मोठं आजारपण : कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

कुत्रा गंभीर आजारी पडला की माणसं जवळजवळ ठरलेल्या क्रमाने चुकतात. आधी घाबरून उपचार सुरू होतात, मग निदान होतं, मग खर्चाचा आकडा कळतो आणि सगळ्यात शेवटी विम्याचा कागद उघडला जातो. चालायला हवं ते नेमकं याच्या उलट. गेल्या काही वर्षांत कुत्रा पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांनी मला विचारलेले बहुतेक प्रश्न दोन-तीन पायऱ्या हुकल्यानंतरचे होते, आणि त्या वेळी सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून हा क्रम नीट लिहून ठेवतो आहे. तुमचा कुत्रा आज ठणठणीत असेल तर पहिल्या पायरीपासून वाचा. आजारी असेल तर थेट तिसरीवर जा.

१. विमा घेण्याआधी : कुत्र्याचा कागद तयार करा

विमा कंपनी तुमच्या कुत्र्याला बघत नाही, त्याचे केस पेपर बघते. मोठा क्लेम आला की पिल्लूपणापासूनच्या सगळ्या नोंदी मागवल्या जातात आणि त्यातला प्रत्येक शब्द वाचला जातो. तेव्हा तुम्ही तो कागद त्यांच्या आधी वाचलेला असला पाहिजे.

आजवर ज्या ज्या दवाखान्यात कुत्रा गेला, तिथून पूर्ण नोंदी मागून घ्या. नुसतं लसीकरणाचं कार्ड पुरत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत काय लिहिलं ते हवं. त्यात नाव, जात, जन्मतारीख आणि मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) १५ आकडी क्रमांक सगळीकडे एकसारखा आहे का ते ताडून बघा. एका दवाखान्यात वय चार वर्षं आणि दुसऱ्यात सहा, एवढ्यावरूनही क्लेम अडतो.

माझ्या चिंगीचं उदाहरण सांगतो. ती तीन वर्षांची असताना लस द्यायला नेलं होतं, तेव्हा मी बोलता बोलता म्हणालो, "कधी कधी मागचा डावा पाय उचलून धरते." डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, आणि कागदावर एक ओळ पडली : 'मागच्या डाव्या पायाने अधूनमधून लंगडते.' महिन्याभरात ते थांबलं आणि मी विसरून गेलो. विमा त्यानंतर घेतला. दोन वर्षांनी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्या एका ओळीवर बोट ठेवून क्लेम नाकारला गेला : आजार आधीपासूनचा होता. ती बरी झाल्याची नोंद कुठेच नव्हती, कारण बरी झालेली कुत्री दाखवायला मी परत गेलोच नव्हतो.

यावरचा उपाय डॉक्टरांपासून काही लपवणं हा अजिबात नाही. लपवलेलं उघडं पडलं तर अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते आणि मधल्या काळात उपचारही चुकतात. उपाय एवढाच की तक्रार लिहिली गेली तर ती संपल्याचंही लिहून घ्यायचं. परत एकदा दाखवा आणि 'लक्षण पूर्ण गेलं, चाल नेहमीसारखी' अशी तारखेसह नोंद करून घ्या. काही कंपन्या ठरावीक काळ लक्षणमुक्त राहिलेला आजार 'बरा झालेला' मानतात. तो काळ मोजायला सुरुवातीची तारीख लागते, आणि ती याच नोंदीतून मिळते.

*तपासून घ्या :* विम्याचा अर्ज भरण्याआधी एक पूर्ण तपासणी करून घेतली का? कान, दात, त्वचा, सांधे, हृदयाचे ठोके यांचा स्वच्छ अहवाल हातात असेल तर पुढचे बरेच वाद उद्भवतच नाहीत.

२. पॉलिसी निवडताना : हप्ता शेवटी बघा

बहुतेक जण सगळ्यात आधी हप्ता बघतात. तुम्ही आधी मर्यादा बघा.

काही पॉलिसी फक्त अपघातापुरत्या असतात. कर्करोग, मधुमेह, किडनी यांतलं काहीच त्यात येत नाही. काही प्रत्येक आजारासाठी १२ महिन्यांपुरते पैसे देतात आणि नंतर तो आजार कायमचा वगळतात. काहींत प्रत्येक आजाराला आयुष्यभरासाठी एकच रक्कम ठरलेली असते. आणि काहींत दर वर्षी नूतनीकरणाबरोबर मर्यादा पुन्हा भरते. आयुष्यभर औषधं लागणाऱ्या आजारात खरा उपयोग या शेवटच्या प्रकाराचा. मधुमेही कुत्र्याला १३व्या महिन्यातही इन्सुलिन लागतंच.

मग प्रतीक्षा काळ. पॉलिसी सुरू झाल्यावर अपघातासाठी थोडे दिवस, आजारासाठी बहुधा दोन आठवडे ते महिनाभर, आणि गुडघ्याचा लिगामेंट किंवा खुब्याच्या सांध्यासाठी पुष्कळदा सहा महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. या काळात दिसलेलं लक्षण 'आधीपासूनचं' ठरतं, निदान नंतर झालं तरीही. निदानाची तारीख आणि लक्षणाची तारीख यांत लोक फार गोंधळतात. कंपनी धरते ती लक्षणाची.

'दोन्ही बाजूंचा आजार' हे कलम आवर्जून शोधा. एका गुडघ्याचा लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढे जातो. पुष्कळ पॉलिसींत डावा पाय आधीपासूनचा ठरला की उजवाही वगळला जातो. खुबे आणि डोळे यांचंही तेच.

पैसे कसे मोजतात तेही विचारून ठेवा. बिल १०० धरू. तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम २०, आणि कंपनी देणार ८० टक्के. आधी २० वजा करून मग टक्के काढले तर हातात ६४ येतात. आधी टक्के काढून मग २० वजा केले तर ६०. शिवाय ही २० ची वजावट वर्षातून एकदाच आहे की प्रत्येक आजाराला वेगळी? दीर्घ आजारपणात या एका प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ फरक पडतो. कुत्र्याचं वय वाढल्यावर तुमचा वाटा वाढतो का, हेही त्याच दमात विचारा.

तपासणी फी, आहार, फिजिओथेरपी, घरी न्यायची औषधं, दातांचे आजार आणि शेवटचं इंजेक्शन (त्रास संपवण्यासाठी दिलेला शांत मृत्यू) यांतलं काय धरलं आहे, ते लेखी घ्या. फोनवर मिळालेल्या "हो हो, सगळं कव्हर आहे" या उत्तराचा पुढे काडीचा उपयोग होत नाही.

*सावधान :* आजाराचं निदान झाल्यावर स्वस्त हप्त्यासाठी कंपनी बदलू नका. नव्या कंपनीसाठी तो आजार जुना असतो. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, तरी हाच धोका आहे.

३. काहीतरी बिनसलंय असं वाटलं त्या दिवशी

'उद्या बघू' आणि 'घरात आहे ती गोळी देऊ' या दोन चुका इथे सगळ्यात महाग पडतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊच नका. आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात आणि किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. शिवाय घरची गोळी दिलेली असली की डॉक्टरांना त्यांची औषधं सुरू करण्याआधी थांबावं लागतं.

गोळीऐवजी चार गोष्टी मोजा आणि वेळेसह लिहा.

श्वास : कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला ३० च्या आत असायला हवं. पुन्हा पुन्हा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या आजारात फुप्फुसात पाणी साठू लागल्याची ही सगळ्यात आधी घरी कळणारी खूण आहे.

हिरड्या : ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा.

ताप : गुदद्वारातून मोजलेलं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं. नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही.

पाणी : दिवसभरात किती प्यायला ते भांड्यात मोजून भरा. अचानक वाढलेली तहान ही मधुमेह, किडनी आणि हार्मोनच्या आजारांची सामायिक खूण आहे.

झटका (फिट), विचित्र खोकला, अडखळती चाल यांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा हमखास सरळ चालायला लागतो, आणि तोंडी वर्णनापेक्षा २० सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.

*हे दिसलं तर फोन करत करतच निघा, मंजुरीची वाट पाहू नका :* पोट टम्म फुगलंय आणि उलटीचा नुसता उमाळा येतोय. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर पडल्यात. झटका पाच मिनिटांच्या वर चाललाय, किंवा २४ तासांत दुसरा आलाय. लघवी अजिबात होत नाही. श्वासासाठी मान ताणतोय. वयस्क कुत्रा अचानक कोसळला आणि हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तिथे एकेक तास मोलाचा.

४. निदान आधी, उपचार नंतर

जीव वाचवण्यासाठी तातडीने जे करायचं ते सोडून इथे घाई करू नका. सगळ्यात नुकसानीची घाई असते ती स्टेरॉइडची. मानेखाली किंवा गुडघ्यामागे गाठी दिसल्या, कुत्रा मलूल झाला, स्टेरॉइड दिलं, आणि तीन दिवसांत तो उड्या मारायला लागला. घरात आनंद. पण ती गाठ लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळते, सुई तपासणी आणि बायोप्सी नीट वाचता येत नाही, आणि नंतरच्या केमोथेरपीला ती दाद देईनाशी होऊ शकते. गाठ असेल तर आधी नमुना घ्यायचा, मग औषध. डॉक्टरांना सरळ विचारा : "हे औषध सुरू केल्याने पुढची कुठली तपासणी बिघडेल का?"

निदान झालं की तिथल्या तिथे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं समोरच लिहा. आजाराचं नेमकं नाव आणि टप्पा कोणता? उपचार केला तर साधारण किती काळ आणि कसा काळ? नाही केला तर? उपचाराचा त्रास किती, दवाखान्याच्या फेऱ्या किती? आणि उपचार लागू पडत नाही हे आपल्याला कशावरून आणि कधी कळेल?

हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून माणसं महिनोन् महिने वाट पाहत राहतात. उदाहरणार्थ, लिंफोमाच्या बऱ्याच कुत्र्यांत अनेक औषधांच्या केमोने गाठी ओसरतात आणि साधारण वर्षभर चांगलं मिळतं, पण आजार समूळ जाणं विरळ. हे आधी माहीत असलं की 'बरा होईल' या आशेवर निर्णय होत नाही. 'एक चांगलं वर्ष' हवं आहे का, असा प्रश्न समोर येतो. तो कठीण असला तरी खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोचू नका. रिपोर्ट, एक्स-रेच्या मूळ फाइल आणि स्लाइड सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा होणार नाहीत.

५. अंदाजपत्रक आणि पूर्वमंजुरी

तातडीची वेळ नसेल तर शस्त्रक्रिया किंवा केमो ठरवण्याआधी दवाखान्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे हवेत, गुंतागुंत झाली तर काय वाढेल तेही हवं. मग ते केस पेपरसह कंपनीला ईमेलने पाठवा आणि पूर्वमंजुरी मागा. कंपनी थेट दवाखान्याला पैसे देते की आधी तुम्ही भरून मग परतफेड, हे याच वेळी स्पष्ट करून घ्या. परतफेडीची पॉलिसी असेल तर बिलाचे सगळे पैसे आधी तुमच्याकडे असावे लागतात. विमा असूनही माणसं अडकतात ती इथेच.

विमा नसेल तर डॉक्टरांना आपली मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. "या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?" असं विचारून तपासण्यांचा क्रम लावता येतो, आणि चांगले डॉक्टर तो लावून देतात.

६. क्लेम

क्लेम फॉर्म बिलाच्या दिवशीच भरा. लागतात ते कागद असे : प्रत्येक औषधाची आणि तपासणीची वेगळी रक्कम दाखवणारं बिल, पैसे भरल्याची पावती, त्या भेटीची डॉक्टरांची नोंद, रिपोर्ट, आणि पहिला क्लेम असेल तर जुना सगळा इतिहास. नुसतं 'उपचार खर्च' असं एका ओळीचं बिल परत येतं.

एकाच भेटीत कान साफ केले आणि किडनीचं रक्तही तपासलं, तर दोन्हींची बिलं वेगळी करून घ्या. वगळलेला आजार आणि मान्य आजार एकाच कागदावर आले की अख्खा कागद अडकतो.

'लक्षण प्रथम कधी दिसलं' हा रकाना आठवणीवर भरू नका. "असेल चार-सहा महिन्यांपासून" असं सहज लिहिलेलं वाक्य प्रतीक्षा काळात जाऊन बसतं. आधी केस पेपर बघा, तुमच्या फोनमधल्या व्हिडिओची तारीख बघा, आणि जे खरं आहे तेच लिहा.

नाकारला गेला तर फोनवर वाद घालण्यात ताकद घालवू नका. कुठल्या कलमाखाली आणि कुठल्या नोंदीवरून नाकारला, ते लेखी मागा. मग ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. तेव्हाचं लक्षण आणि आताचा आजार यांचा संबंध नसेल तर तसं कारणांसह पत्र घ्या आणि मुदतीच्या आत फेरविचाराचा अर्ज करा. तिथेही नकार आला तर विमा लोकपाल किंवा ग्राहक तक्रार यंत्रणा आहे. चिंगीच्या वेळी मी मुदत घालवली. रागात पंधरवडाभर फोन करत बसलो आणि अर्ज केलाच नाही.

७. घरचं आजारपण

दवाखान्यात अर्धा तास जातो, बाकीचे साडेतेवीस तास घरी. म्हणून आधी ठरवा की औषधांची जबाबदारी एका माणसाची. फ्रिजवर कागद लावा : औषध, मात्रा, वेळ, दिलं की खूण. 'मला वाटलं तू दिलीस' यातून दुहेरी मात्रा जाते.

मधुमेह असेल तर सिरिंज पहिल्या दिवशीच तपासा. इन्सुलिनच्या बाटलीवर यू-४० किंवा यू-१०० लिहिलेलं असतं आणि सिरिंजही त्याच आकड्याची लागते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट मात्रा जाते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. बाटली आणि सिरिंज उजेडात शेजारी शेजारी धरून आकडे मोठ्याने वाचा. नवा डबा आणला की पुन्हा वाचा. साधारणपणे खाणं आणि इंजेक्शन १२ तासांच्या अंतराने असतं. कुत्रा जेवलाच नाही तर नेहमीची मात्रा देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. साखर फार उतरून तो लटपटायला लागला, भ्रमल्यासारखा झाला तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि लगेच निघा.

स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर एकदम थांबवायचं नाही, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवत आणायचं. आणि स्टेरॉइडबरोबर सांधेदुखीची गोळी कधीही नाही. दोन्ही एकत्र गेली तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. दोन वेगळ्या डॉक्टरांकडे उपचार असतील तर ही चूक सहज होते, म्हणून औषधांची पूर्ण यादी प्रत्येक ठिकाणी दाखवा.

केमो चालू असेल तर नंतरचे काही दिवस लघवी, शी, उलटी हातमोजे घालूनच साफ करा. गोळ्या तोडायच्या किंवा कुटायच्या नाहीत. घरात गरोदर बाई असेल तर ही कामं तिच्याकडे देऊ नका.

गोळी रोजच्या जेवणात लपवू नका. एकदा कडू लागली की आजारी कुत्रा ते अन्नच सोडतो. गोळीसाठी वेगळा पदार्थ ठेवा. तो पीनट बटर असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना ते डब्यावर वाचा. कुत्र्याला ते विष आहे. खाणं कोमट करून द्या, वास सुटतो. घरात जिथे पाय घसरतात तिथे सतरंजी अंथरा.

*तपासून घ्या :* दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन. भूक 'बरी' वाटते पण वजन खाली जातंय, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि तुमची झोप. रात्री तीनदा उठणारा माणूस सकाळच्या मात्रेत चुकतो. पाळी लावून घ्या. जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा औषधांच्या वेळा बदलता येतात.

८. किती आणि कुठवर

आजच, कुत्र्याला बरं वाटत असताना, त्याच्या सगळ्यात आवडत्या तीन गोष्टी कागदावर लिहा. चिंगीच्या होत्या : दाराची घंटा वाजली की आधी पोचणं, चेंडू आणून माझ्या पायाशी टाकणं, उन्हात पाठीवर लोळणं. पुढे किडनी गेली तेव्हा चेंडू आधी सुटला, मग ऊन. घंटा वाजल्यावर तिने नुसती मान उचलली आणि परत खाली ठेवली, त्या दिवशी मला कागद बघावा लागला नाही.

मोजायला दुसरंही एक साधन आहे. कर्करोगाच्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची पट्टी करून दिली आहे : वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. जितकं ठीक तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणं सुरू ठेवता येतं, असं ती पट्टी सांगते. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा वेगवेगळे गुण द्यावेत. जो दिवसभर जवळ असतो त्याला उतार कमी दिसतो. श्वासाचा त्रास आणि न आवरणारी वेदना असेल तर मात्र बेरजेची वाट पाहू नका.

शेवटचं इंजेक्शन देण्याचं ठरलं तर आधी विचारून घ्या : घरी येता येईल का, आधी गुंगीचं औषध देणार का, नंतर शरीराचं काय. बिल आधीच चुकतं करा, त्या क्षणानंतर काउंटरवर उभं राहणं फार जड जातं. गुंगीनंतर शिरेतून औषध जातं आणि बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा स्नायू थरथरतो, कधी श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी सुटते. तो जागा नसतो. हे माहीत नसलेल्या माणसाला 'अजून जीव होता' असं वाटतं आणि ते वर्षानुवर्षं टोचत राहतं. मुलं सोबत असतील तर त्यांनाही हे आधी सांगा.

९. नंतरचे कागद

डॉक्टरांकडून तारखेसह मृत्यूचा दाखला घ्या. राहिलेले क्लेम आधी पाठवा आणि मगच पॉलिसी बंद करायला सांगा. बंद केल्यानंतर जुनी बिलं पाठवताना कारण नसताना फाटे फुटतात. हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर बँकेतूनही थांबवा. चिपच्या नोंदणीत मृत्यू नोंदवा. उरलेलं इन्सुलिन, सुया आणि केमोच्या गोळ्या कचऱ्यात न टाकता दवाखान्यात परत द्या. न उघडलेला आहाराचा डबा असेल तर तोही तिथेच विचारा, तोच आहार लागणारा दुसरा कुत्रा त्यांच्याकडे असू शकतो.